यादी नसलेलं एक्सचेंज: डायल फिरवल्यावर फोन नेमका कसा लागायचा?

तांब्याच्या तारांवरची जुनी लँडलाइन आता जगभर बंद होत चालली आहे. ब्रिटनने त्यासाठी जानेवारी २०२७ ची मुदत ठरवली आहे. अशा बातम्या वाचताना एक प्रश्न अनेकांच्या मनात येतो आणि तसाच राहून जातो. कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधी, ट्रान्झिस्टरचाही पत्ता नव्हता तेव्हा, लोक डायल फिरवत आणि हजारो फोनांमधून नेमका हवा तोच फोन वाजे. मधे ऑपरेटर नसे. मग तो नंबर वाचत कोण होतं? तो कुणाचा आहे हे बघत कोण होतं?

खरं उत्तर असं, की नंबर कुणीच वाचत नव्हतं. त्या एक्सचेंजमध्ये नंबरांची कुठलीही यादी नव्हती, शोधाशोध करणारं काही नव्हतं. डायलवरचा प्रत्येक आकडा म्हणजे यंत्राला दिलेली हालचालीची आज्ञा होती. आकडा फिरला की यंत्र तेवढं सरके. शेवटचा आकडा फिरेपर्यंत ते सरकत सरकत हव्या त्या तारेवर जाऊन उभं राहिलेलं असे. नंबर म्हणजे नाव नव्हतं, ती वाट होती. जुन्या फोनच्या बहुतेक सगळ्या तऱ्हा, राँग नंबरपासून ते फोनचा माग काढायला लागणाऱ्या वेळेपर्यंत, या एका गोष्टीतून निघतात.

आधी हे काम माणसं करत, ते कसं?

पहिलं व्यावसायिक टेलिफोन एक्सचेंज अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात जानेवारी १८७८ मध्ये सुरू झालं. एक्सचेंज म्हणजे सगळ्या फोनांच्या तारा जिथे एकत्र येतात आणि हव्या त्या दोन तारा एकमेकींना जोडल्या जातात ती जागा. पुढे सगळीकडे रूढ झालेल्या स्विचबोर्डवर हे जोडण्याचं काम ऑपरेटर दोरीसारख्या लवचिक तारेने करत. तारेच्या दोन्ही टोकांना प्लग असे. एक प्लग बोलावणाऱ्याच्या भोकात, दुसरा समोरच्याच्या भोकात.

हे वाटतं तितकं सोपं काम नव्हतं. कोण बोलावतंय हे ओळखायचं, त्याला कोण हवंय हे विचारायचं, तो माणूस आधीच कुणाशी बोलत नाही ना हे तपासायचं, मग त्याची घंटा वाजवायची आणि बोलणं संपलं की प्लग काढायचे. तपासण्याची रीत मोठी छान होती. ऑपरेटर प्लगचं टोक समोरच्याच्या भोकाच्या कडेला नुसतं टेकवी. कानात ‘टक्’ असा आवाज आला तर लाइन गुंतलेली. ऑपरेटरची जागा यंत्राला घ्यायची तर यातलं एकही काम सोडून चालणार नव्हतं.

स्ट्रोजर कोण होता?

ऑपरेटरविना एक्सचेंजचं एक पेटंट १८७९ मध्येच अमेरिकेत निघालं होतं, पण त्यातून चालतं एक्सचेंज उभं राहिलं नाही. ते जमवलं ऑल्मन स्ट्रोजर याच्या कल्पनेने. कॅन्सस सिटीत तो अंत्यसंस्काराचा व्यवसाय करी. गिऱ्हाइकांचे फोन ऑपरेटर आपल्याऐवजी प्रतिस्पर्ध्याला जोडून देतात, असा त्याला संशय होता, अशी गोष्ट सांगितली जाते. ऑपरेटर त्या प्रतिस्पर्ध्याची बायकोच होती, असंही त्या गोष्टीच्या एका आवृत्तीत येतं. एवढं मात्र नक्की, की १८८९ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला, मार्च १८९१ मध्ये ते मिळालं आणि ३ नोव्हेंबर १८९२ रोजी इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावी त्याच्या कंपनीचं पहिलं सार्वजनिक स्वयंचलित एक्सचेंज सुरू झालं. ग्राहक होते सुमारे ७५.

तेव्हा डायल नव्हती. फोनवर बटणं होती आणि प्रत्येक आकड्यासाठी वेगळं बटण तितक्या वेळा दाबावं लागे. त्यासाठी प्रत्येक फोनपासून एक्सचेंजपर्यंत अनेक तारा न्याव्या लागत. अलेक्झांडर कीथ आणि जॉन व चार्ल्स एरिक्सन हे भाऊ, या स्ट्रोजरच्या कंपनीतल्या तिघांनी १८९६ च्या सुमारास बोटाने फिरवायची डायल आणली आणि पुढच्या काही वर्षांत यंत्राला त्याचं पक्कं रूप दिलं. नाव स्ट्रोजरचं झालं, पण जे यंत्र जगभर गेलं त्यात या तिघांची मेहनत फार मोठी आहे.

शंभर फोनांतून एक कसा निवडायचा?

दहा मजल्यांची इमारत डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक मजल्यावर एका ओळीत दहा दारं, म्हणजे एकूण शंभर. एक माणूस तळाशी उभा आहे. त्याला दिसत नाही, वाचता येत नाही. दोनच आज्ञा कळतात, ‘एक मजला वर’ आणि ‘एक दार पुढे’. त्याला दोनदा वर आणि सात वेळा पुढे जायला सांगा. तो सत्तावीस क्रमांकाच्या दारासमोर उभा राहील. दारावर पाटी आहे की नाही याने त्याला काहीच फरक पडत नाही.

स्ट्रोजरचं यंत्र नेमकं हेच करतं. त्याला सिलेक्टर म्हणतात. मधे एक उभा दांडा असतो आणि त्याला धातूच्या पातळ पट्ट्या जोडलेल्या असतात. भोवती अर्धगोलात धातूची टोकं बसवलेली असतात, दहा ओळी आणि प्रत्येक ओळीत दहा जागा. दांड्यावर दोन प्रकारचे दाते कापलेले असतात. एका विद्युतचुंबकाला विजेचा झटका मिळाला की त्याची खिटी दात्यात अडकून दांडा एक पायरी वर उचलते. दुसऱ्या चुंबकाला झटका मिळाला की दुसरी खिटी दांडा एक पायरी फिरवते. दोन झटके वर, सात झटके फिरून, की पट्ट्या सत्ताविसाव्या फोनच्या टोकांवर जाऊन टेकतात. शून्य म्हणजे दहा झटके, म्हणून शून्याची ओळ सर्वात वर असते.

दोन तारांवरून आकडे कसे जात?

फोनपासून एक्सचेंजपर्यंत शेवटी दोनच तारा उरल्या. एक्सचेंजमध्ये सुमारे ५० व्होल्टची मोठी बॅटरी असे. रिसीव्हर उचलला की फोनमधला एक संपर्क जुळे आणि त्या दोन तारांतून प्रवाह वाहू लागे. आवाज याच तारांवरून जायचा आणि आकडेही याच तारांवरून.

डायल या वाहत्या प्रवाहाला क्षणभर तोडते. सात फिरवला की सात वेळा तोडते. ही तोडातोडी आपण डायल ओढताना होत नाही, डायल स्प्रिंगच्या जोराने मागे येताना होते. आत एक वेगनियंत्रक असतो. डायल किती घाईने ओढली याला म्हणून काहीच महत्त्व नसतं. परत येताना ती ठरलेल्या चालीनेच येते, सेकंदाला साधारण दहा खंड. शून्याला पूर्ण एक सेकंद लागतो तो यामुळे.

यंत्राला फक्त हे खंड कळत. ते डायलने पाडले की आणखी कशाने, हे त्याला कळायचं साधनच नव्हतं. डायलला कुलूप लावलं तरी रिसीव्हर ठेवायची खुंटी योग्य लयीत टिचकावून फोन लावता येई तो याच कारणाने. आणि वाऱ्याने दोन तारा एकमेकींना लागून सुटल्या, तर त्याचाही एखादा ‘एक’ मोजला जाई. ब्रिटनने १९३७ मध्ये लंडनमध्ये आणीबाणीची सेवा सुरू केली तेव्हा १११ घेतला नाही, ९९९ घेतला, याचं एक कारण हेच. तारांच्या हेलकाव्यांनी एक-एक-एक सहज तयार होतो, नऊ-नऊ-नऊ होत नाही. न्यूझीलंडमध्ये डायलवरचे आकडे उलट्या क्रमाने छापलेले होते, तिथे एक फिरवला की नऊ खंड जात. म्हणून तिथला आणीबाणीचा नंबर १११ झाला. आकडे वेगळे दिसतात, पण दोन्ही देशांतल्या यंत्रांना ऐकू येणारी गोष्ट एकच होती.

आकडा संपला हे यंत्राला कसं कळायचं?

या सगळ्या रचनेत मला सर्वात सुंदर वाटतो तो हा भाग, म्हणून इथे जरा रेंगाळू या. तारेवर फक्त दोन अवस्था आहेत, प्रवाह आहे किंवा नाही. दोन फिरवून मग सात फिरवला, तर यंत्राने त्याला नऊ का समजू नये? आणि प्रवाह तुटला म्हणजे आकड्याचा खंड आला, की माणसाने फोनच ठेवला?

फरक सांगतो तो वेळ. खंड थोडा असेल तर तो आकड्याचा भाग, लांबला तर फोन ठेवला. प्रवाह मधे थोडा वेळ वाहिला तर तो दोन खंडांमधला श्वास, जास्त वेळ वाहिला तर आकडा संपला. म्हणजे न बोलता थांबणं हाही संदेशाचा भाग आहे.

पण घड्याळ नसलेल्या यंत्राला वेळ मोजता कसा यावा? त्यासाठी रिले होते. रिले म्हणजे विद्युतचुंबकाने उघडझाप होणारं बटण. प्रत्येक सिलेक्टरमध्ये तीन रिले हे मुख्य काम करत. पहिला चपळ. तारेवर प्रवाह आला की ओढला जाई, गेला की लगेच सुटे, आणि सुटताना दरवेळी दांड्याच्या चुंबकाला एक झटका देई. दुसरा आणि तिसरा मुद्दाम सुस्त केलेले. त्यांच्या गाभ्यावर तांब्याचं जाड कडं बसवलेलं असे. गुंडाळीतला प्रवाह थांबला की चुंबकत्व ओसरू लागतं, पण ओसरणारं चुंबकत्वच त्या कड्यात प्रवाह निर्माण करतं आणि तो प्रवाह चुंबकत्वाला आणखी थोडा वेळ धरून ठेवतो. एवढ्याशा तांब्याच्या तुकड्याने रिलेला विलंब शिकवला.

दुसरा रिले ‘माणूस अजून फोनवर आहे का’ हे सांभाळी. आकड्यातले खंड इतके छोटे असत की तेवढ्यात तो सुटत नसे. फोन खरोखरच ठेवला, खंड लांबला, की मगच सुटे आणि सिलेक्टरला मूळ जागी पाठवी. तिसरा रिले ‘आकडा चालू आहे का’ हे सांभाळी. प्रत्येक खंडाला त्याला ताजा झटका मिळे, म्हणून आकडा संपेपर्यंत तो धरून राही. खंड यायचे थांबले, की क्षणभराने सुटे. तो सुटला म्हणजे आकडा पुरा झाला, आता पुढचं काम. पुढचा आकडा ओढायला माणसाच्या बोटाला जो वेळ लागतो, त्याच वेळात यंत्राला आपलं काम उरकायचं असे.

शंभर ठीक, पण दहा हजार फोन असतील तर?

मग सिलेक्टरांची साखळी करायची. समजा ३६२७ हा नंबर फिरवला. पहिला आकडा तीन. पहिला सिलेक्टर तीन ओळी वर चढतो. या तिसऱ्या ओळीवरच्या दहा जागा दहा वेगळ्या फोनांच्या नसतात. त्या ‘तीन हजार’च्या गटाकडे जाणाऱ्या दहा सारख्याच वाटा असतात. कुठलीही चालेल, फक्त मोकळी हवी. तेव्हा तीन संपल्यावर, माणूस सहा ओढत असताना, सिलेक्टर स्वतःच फिरू लागतो आणि एकेक जागा तपासत पहिल्या मोकळ्या जागी थांबतो. वर चढणं माणसाच्या बोटाने, आडवं फिरणं स्वतःच्या शोधाने. दहाच्या दहा जागा तपासायलाही अर्ध्या सेकंदाहून कमी वेळ लागे.

मोकळी जागा ओळखायची खूण साधी. एक्सचेंजच्या आत प्रत्येक वाटेला बोलण्याच्या दोन तारांखेरीज तिसरी तार असे. वाट वापरात असेल तर ती तिसरी तार जमिनीला जोडलेली. सिलेक्टरची पट्टी तिला स्पर्श करते, जमीन लागली की पुढे सरकते. ऑपरेटरने प्लग टेकवून ‘टक्’ ऐकायची जी रीत होती, तिचंच हे यंत्ररूप.

मोकळी वाट सापडली की पहिला सिलेक्टर बोलण्याच्या तारा सरळ पुढे जोडून देतो आणि स्वतःचा चपळ रिले बाजूला काढून घेतो. आता ग्राहकाच्या डायलचे खंड दुसऱ्या सिलेक्टरला मिळतात. तो सहा ओळी वर चढतो, म्हणजे ‘तीन हजार सहाशे’च्या गटात, आणि तसाच मोकळी वाट शोधून तिसऱ्याच्या हाती काम देतो. प्रत्येक सिलेक्टर एकच आकडा ऐकतो. आधी काय फिरवलं गेलं हे त्याला माहीत नसतं आणि पुढे काय येणार याच्याशी त्याचा संबंध नसतो.

शेवटचा सिलेक्टर मात्र दोन आकडे घेतो आणि स्वतः काही शोधत नाही. दोन ओळी वर, सात जागा पुढे, दोन्ही हालचाली ग्राहकाच्या बोटाने. इथे पर्याय नसतो, कारण आता एकच फोन हवा आहे. थांबल्यावर तो त्या फोनची तिसरी तार तपासतो. गुंतलेला असेल तर बोलावणाऱ्याला एंगेज टोन. मोकळा असेल तर तो फोन स्वतःसाठी राखून घेतो आणि त्याच्या तारांवर घंटेसाठी सुमारे ७५ व्होल्टचा उलटसुलट प्रवाह सोडतो. समोरच्याने रिसीव्हर उचलताच बॅटरीचा सरळ प्रवाह वाहू लागतो, तो ओळखणारा रिले घंटेचा प्रवाह तोडतो आणि दोघं बोलू लागतात. आपल्याला कानात जी ‘ट्रिंग’ ऐकू येई ती समोरच्या घंटेचा आवाज नसे, एक्सचेंजमधलं वेगळं यंत्र ती ऐकवत असे.

प्रत्येक फोनसाठी एवढी साखळी?

नाही, आणि तसं असतं तर ही पद्धत कुणालाच परवडली नसती. सगळे लोक एकाच वेळी बोलत नाहीत, या गोष्टीवर सगळा डोलारा उभा होता. प्रत्येक ग्राहकाच्या वाट्याला एक छोटं, स्वस्त, फक्त फिरणारं स्विच असे. रिसीव्हर उचलला की ते गरकन फिरून एखादा मोकळा पहिला सिलेक्टर शोधून देई. तो मिळाला की डायल टोन. ‘यंत्र मिळालं, आता आकडे फिरवा’ एवढाच त्या गुणगुणीचा अर्थ. डायल टोन यायच्या आधी आकडे फिरवले तर ते ऐकायला कुणीच नसे.

मग किती वाटा पुरतात? हा प्रश्न कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नेर एर्लांग या गणितज्ञाने सोडवला. त्याचे यावरचे लेख १९०९ आणि १९१७ चे. गर्दीच्या तासातही शंभरात एखादाच कॉल अडावा असं ठरवलं, तर दहा वाटांचा गट एका वेळी सरासरी साडेचारच्या आसपास संभाषणं पेलतो. वाटा दुप्पट करून वीस केल्या, तर पेलली जाणारी संभाषणं नुसती दुप्पट होत नाहीत, त्याहून जास्त, जवळपास १२ होतात. मोठा गट नेहमी जास्त किफायती, कारण एकाची गर्दी दुसऱ्याच्या मोकळ्या वेळात सामावते. स्ट्रोजरची खरी अडचण इथे दिसते. त्याच्या ओळीवर जागा दहाच, म्हणून एका सिलेक्टरला शोधता येणाऱ्या वाटाही दहाच. ही मर्यादा सौम्य करायला अभियंत्यांनी वाटा वेगवेगळ्या सिलेक्टरांमध्ये अंशतः वाटून द्यायच्या युक्त्या काढल्या, पण ती पूर्ण कधी गेली नाही.

दहाही वाटा भरलेल्या असतील तर सिलेक्टर अकराव्या जागेवर जाऊन थांबे आणि बोलावणाऱ्याला एंगेज टोन मिळे. समोरचा फोन तेव्हा अगदी मोकळा असू शके. ‘तुमचा फोन सारखा एंगेज’ आणि ‘मी तर फोनला हातही लावला नाही’ या वादात दोघंही खरं बोलत असण्याची शक्यता भरपूर होती.

राँग नंबर का लागत?

कारण चूक तपासायला कुठे संधीच नव्हती. डायलचा वेगनियंत्रक बिघडून ती फार जलद किंवा फार हळू फिरू लागली, तर खंड सुटत किंवा एकाचे दोन आकडे होत. सिलेक्टर मोकळी वाट शोधत असतानाच पुढच्या आकड्याचा पहिला खंड आला, तर तो हरवे. खिटी झिजली तर दांडा एक पायरी कमी चढे. यातलं काहीही झालं तरी साखळी कुठल्या ना कुठल्या फोनवर पोचेच, आणि यंत्राच्या दृष्टीने सगळं व्यवस्थित पार पडलेलं असे. नंबर म्हणून कुठे लिहिलेलाच नाही, तर जुळला की नाही हे बघणार कशाशी?

चुकलेला आकडा पुसता येत नसे तोही म्हणूनच. मोबाइलवर आपण पूर्ण नंबर टाकतो, हवा तर बदलतो, मग हिरवं बटण दाबतो. डायलच्या फोनला असं बटण नव्हतं, कारण पहिल्या आकड्यालाच कॉल सुरू झालेला असे. चूक झाली तर रिसीव्हर ठेवायचा, सगळे दांडे मूळ जागी परत जाऊ द्यायचे आणि पहिल्यापासून सुरुवात करायची.

फोन कुठून आला हे शोधायला एवढा वेळ का लागे?

धमकीचा फोन आला आहे, पोलिस खुणेने सांगताहेत की त्याला बोलत ठेवा. ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते, कारण मात्र क्वचित सांगितलं जातं. या एक्सचेंजमध्ये कोण कुणाला फोन करतंय याची कुठेही नोंद होत नसे. नोंद म्हणजे ते जागच्या जागी उभे असलेले सिलेक्टर. तंत्रज्ञाला समोरच्याच्या फोनशी जोडलेला शेवटचा सिलेक्टर शोधायचा, तो कुठल्या दुसऱ्या सिलेक्टरवरून आला हे तार धरून बघायचं, तिथून पहिल्याकडे, तिथून ग्राहकाकडे. फळ्यांच्या रांगांमधून प्रत्यक्ष चालत जायचं काम. कॉल दुसऱ्या एक्सचेंजमधून आला असेल तर तिथल्या माणसाने पुढे शोधायचं. आणि बोलावणाऱ्याने फोन ठेवला की सगळे दांडे सुटून परत जात. माग तिथेच पुसला जाई.

साखळी सहसा बोलावणाऱ्याच्या ताब्यात असे, याचा आणखी एक त्रास होता. समोरच्याने फोन ठेवला तरी बोलावणाऱ्याने ठेवेपर्यंत जोडणी सुटत नसे. त्याने रिसीव्हर बाजूला काढून ठेवला, तर ज्याला फोन केला त्याची लाइन विनाकारण अडकून पडे.

मग घर बदललं की नंबर बदलावाच लागे का?

त्याच एक्सचेंजच्या हद्दीत असाल तर नाही. बाहेरून येणारी केबल आणि आतले सिलेक्टर यांच्या मधे तारा बदलायची एक मोठी चौकट असे. तिथे एक तार काढून दुसरीकडे लावली की जुना नंबर नव्या घरी. पण हद्द ओलांडली की उपाय नव्हता. ३६२७ हा त्या इमारतीतल्या एका ठरावीक टोकाचा पत्ता होता, तो दुसऱ्या इमारतीत नेणार कसा? मोठ्या कार्यालयांना ओळीने लागून नंबर मिळत तेही याच रचनेमुळे. एकाच ओळीवरच्या लागोपाठच्या जागा त्यांना दिल्या, की एरवी काही न शोधणारा शेवटचा सिलेक्टर, तशी खास घडण असेल तर, त्यातली मोकळी जागा शोधू शके.

एवढ्या उणिवा असून ही पद्धत टिकली कशी?

कारण तिचा मोठा गुण तिच्या याच अडाणीपणात होता. सगळ्यांवर नियंत्रण ठेवणारा एक मेंदू तिच्यात नव्हता, म्हणून एका जागी बिघाड होऊन सगळं एक्सचेंज मुकं होण्याची भीती कमी. एक सिलेक्टर बिघडला तर त्याच्या वाट्याला आलेला कॉल बिघडे. ग्राहक वैतागून पुन्हा डायल करी आणि बहुधा दुसरा सिलेक्टर मिळून फोन लागे. बिघाड डोळ्यांनी दिसे, हाताने दुरुस्त होई. लहान गावासाठी थोडी यंत्रं घेऊन सुरुवात करता येई आणि ग्राहक वाढतील तशी फळीवर भर घालता येई.

मोठ्या शहरांत मात्र ती अडली. शहरात अनेक एक्सचेंज असली की एकीकडून दुसरीकडे जायची वाट कुठून निघालो यावर अवलंबून असते. नंबर हीच वाट असेल तर त्याच माणसाला शहराच्या दोन भागांतून दोन वेगळे नंबर फिरवावे लागतील. यावर उपाय म्हणजे आकडे आधी साठवून घ्यायचे, मग त्यांवरून खरी वाट ठरवायची. लंडनने नोव्हेंबर १९२७ मध्ये हॉलबर्न एक्सचेंजमध्ये असं साठवून भाषांतर करणारं यंत्र बसवलं. सिलेक्टर स्ट्रोजरचेच, पण आज्ञा आता थेट बोटाकडून न येता त्या यंत्राकडून येत. अमेरिकेत आणि स्वीडनमध्ये अभियंत्यांनी सिलेक्टरच बदलला. आडव्या-उभ्या दांड्यांच्या छेदांवर जोडणी करणारी क्रॉसबार पद्धत १९२६ मध्ये स्वीडनच्या सुंड्सवालमध्ये आणि १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये आली. तिच्यात मोजकी नियंत्रक यंत्रं सगळ्यांसाठी काम करत. नंबर घ्यायचा, वाट ठरवायची, जोडणी करायची आणि लगेच पुढच्या कॉलकडे वळायचं.

नंबर आणि वाट यांची फारकत झाली ती इथे. १९६५ मध्ये न्यू जर्सीतल्या सकासुना गावी प्रोग्रॅमवर चालणारं मोठं इलेक्ट्रॉनिक एक्सचेंज सुरू झालं आणि कुठला नंबर कुठल्या तारेचा हे स्मृतीत लिहिलं जाऊ लागलं. नंबर न बदलता कंपनी बदलण्याची आजची सोय यादीत नोंद बदलण्यावरच उभी आहे.

तरीही स्ट्रोजरची यंत्रं चालतच राहिली. ब्रिटनमधलं शेवटचं स्ट्रोजर एक्सचेंज स्कॉटलंडच्या क्रॉफर्ड गावी जून १९९५ मध्ये बंद झालं, ला पोर्टनंतर शंभराहून जास्त वर्षांनी. आणि लोकांच्या घरी जुने फोन होते म्हणून पुढच्या अनेक डिजिटल एक्सचेंजांनाही डायलचे खंड मोजायची सोय ठेवावी लागली. लाखो नंबर क्षणात शोधू शकणारे ते कॉम्प्युटरसुद्धा सात फिरवल्यावर सातवा खंड यायची वाट बघत थांबत.